परतीचे तिकीट

बाजारात मडके घेणारा माणूस ते बोटाने वाजवून घेतो, धान्य घेणारा चार दाणे दाताखाली धरून पाहतो, आणि कापड घेणारा त्याचा पोत उजेडाकडे करून तपासतो. प्रवास विकत घेणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. अमुक दिवशी निघू, अमुक वाहनातून नेऊ आणि अमुक ठिकाणी सुखरूप पोचवू, एवढ्या शब्दावर तो पैसे मोजतो. शब्द खरा होता की खोटा, हे त्याला वाटेत कळते. आणि तोवर शब्द देणारा कित्येक कोस मागे राहिलेला असतो. तक्रार करण्यासाठी मागे फिरावे, तर पुढचा मुक्काम चुकतो. पुढे जावे, तर तक्रार तिथेच विरून जाते. प्रवाशाच्या या अडचणीवर जगातील कितीतरी दलालांनी आपली घरे बांधली आहेत.

या अडचणीतून प्रवाशाची सुटका कशी करावी, हा प्रश्न हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात, मुंबई बंदरावर. ज्यांच्यामुळे तो उभा राहिला, ते प्रवासी सहलीला निघालेले धनिक नव्हते. आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून मक्केच्या यात्रेला निघालेले ते साधे शेतकरी, विणकर, लहान दुकानदार आणि म्हातारीकोतारी माणसे होती. त्यांच्या गाऱ्हाण्यांतून कायदे झाले, खाती निघाली, एका जगप्रसिद्ध प्रवासी कंपनीला पाचारण झाले, आणि अखेर एका साध्या गोष्टीपाशी सर्वांची नजर स्थिरावली. ती गोष्ट म्हणजे परतीचे तिकीट.

मोगल काळात हजच्या यात्रेचे मोठे बंदर म्हणजे सुरत. मक्केचे द्वार अशीच त्या शहराची ख्याती होती. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर तांबड्या समुद्राकडे जात, आणि यात्रेला निघालेला माणूस केव्हा परत येईल हे कोणालाही सांगता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याच्या लोहमार्गाला जाऊन मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८६९ च्या नोव्हेंबरात, सुएझचा कालवा खुला झाला होता आणि तांबड्या समुद्रातून आगबोटींची ये-जा एकाएकी वाढली होती. एकीकडून लोहमार्ग आणि दुसरीकडून आगबोट यांची गाठ मुंबईच्या धक्क्यावर पडली. ज्या गावातून पूर्वी पिढीत एखादाच माणूस हाजी होऊन येत असे, त्या गावातून आता दरसाल चार-दोन माणसे निघू लागली.

यात्रेचा हंगाम जवळ आला की मुंबईच्या मुसाफिरखान्यांत, मशिदींच्या आवारांत आणि धक्क्याजवळच्या गल्ल्यांत माणसांची दाटी होई. पंजाबी आणि बंगाली यात्रेकरू असत, काश्मिरी असत, अफगाणिस्तान आणि बुखारा येथून महिनोन्‌महिने चालत आलेले असत, आणि कोकणातून व दख्खनमधून आलेली मराठी बोलणारी कुटुंबेही असत. यांतील बहुतेकांनी समुद्र कधी पाहिलेला नसे. मुंबईतील एकही माणूस ओळखीचा नसे. वाचता येणारे थोडे, आणि ज्यांना वाचता येई त्यांनाही इंग्रजी छापलेले तिकीट वाचता येत नसे.

या सर्वांहून त्यांना अधिक लाचार करणारी गोष्ट होती ती यात्रेची तिथी. हजचे विधी जिल्हेज महिन्याच्या ठरावीक दिवसांतच करावे लागतात. अरफातच्या मैदानावर त्या महिन्याच्या नवव्या दिवशी जो पोचला नाही, त्याची त्या वर्षाची यात्रा घडली नाही. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे ही तिथी सौर वर्षाच्या मानाने दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते; म्हणजे काही वर्षे यात्रा ऐन पावसाळ्यात येते, काही वर्षे हिवाळ्यात. प्रवाशाला दिवस थोडे होते, आणि दिवस थोडे आहेत हे दलालाला ठाऊक होते. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी लागत नाही.

दलालाचा व्यवहार असा चाले. आगबोटीचा मालक त्याला दर डोई दलाली देई. प्रवासी बोटीवर चढला की दलालाचा आणि त्याचा संबंध संपला. त्यामुळे अधिकात अधिक माणसे लवकरात लवकर गोळा करण्यातच त्याचा लाभ होता; ती माणसे कशी जातील आणि कशी परततील याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. रेल्वेच्या स्थानकावरच तो यात्रेकरूला गाठी, त्याच्याच भाषेत बोले, त्याच्या गाठोड्याला हात लावी आणि उतरण्याची सोय करून देई. मग बोट उद्या निघणार, जागा थोड्याच राहिल्या, भाडे उद्या चढणार, असे सांगून पैसे घेई. प्रत्यक्षात बोट उद्या निघत नसे. मालकाला बोट पुरती भरल्याखेरीज ती हाकारण्यात गोडी नसे. निघण्याचा दिवस पुढे ढकलला जाई, पुन्हा ढकलला जाई, आणि वाटेसाठी बांधून आणलेले पीठ-तांदूळ मुंबईतच संपू लागत. कधी एका बोटीचे नाव सांगून तिकीट दुसऱ्याच जुनाट बोटीचे हाती पडे. कधी शेजारी झोपलेल्या यात्रेकरूने तीच जागा निम्म्या भाड्यात घेतल्याचे कळे. कधी तिकिटाबरोबर पाणी, सावली आणि मोकळी जागा मिळेल असे सांगितलेले असे, आणि डेकवर पाऊल ठेवल्यावर पाय पसरण्यापुरतीही जागा दिसत नसे.

आज वाचताना मनात सहज येते की, इतक्या माणसांची अशी उघड फसवणूक होत असता ती पोलिसांत का गेली नाहीत? याचे उत्तर त्या तिथीतच आहे. फिर्याद करावी, तर मॅजिस्ट्रेटपुढे तारीख लागणार. तारखेपर्यंत थांबावे, तर बोट गेली. बोट गेली म्हणजे वर्ष गेले, आणि म्हाताऱ्या माणसाला पुढचे वर्ष कोणी दिले आहे? शिवाय पुण्यकर्मास निघालेल्या माणसाने वाटेत भांडण-तंटा करू नये, हीही एक धारणा होती. वाटेतील हालअपेष्टा हा यात्रेचाच भाग मानून तो गप्प बसे. दलालाला याहून चांगले गिऱ्हाईक कोठे मिळणार होते?

हे केवळ हजच्या यात्रेपुरते होते असेही नाही. काशी, पुरी, पंढरपूर, हरद्वार येथील मेळ्यांच्या वेळी उतारूंचे पुरे भाडे घेऊन यात्रेकरूंना मालगाडीच्या डब्यांत भरून नेण्याचा प्रघात रेल्वेवर वर्षानुवर्षे होता, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या दैन्याबद्दल गांधीजींनी १९१७ मध्ये वृत्तपत्रांतून जे लिहिले ते सुप्रसिद्ध आहे. परंतु आगगाडीतून निदान पुढच्या स्थानकावर उतरता येते. भर समुद्रात असलेल्या बोटीतून उतरून जाण्याची सोय नसते.

ती सोय नसते म्हणजे काय होते, हे १८८० च्या ऑगस्टमध्ये सगळ्या जगाला दिसले. सिंगापूर आणि पेनांगकडून नऊशेहून अधिक यात्रेकरू घेऊन निघालेली ‘जेद्दा’ नावाची आगबोट आफ्रिकेच्या गार्डाफुई भूशिराजवळ वादळात सापडली. बॉयलर जागचे हलले, तळाशी पाणी शिरले. तेव्हा कप्तान आणि त्याचे युरोपीय अधिकारी रात्रीच्या अंधारात होडीत बसून निघून गेले. वाटेत भेटलेल्या एका जहाजाने त्यांना एडनला पोचवले. बोट सर्व यात्रेकरूंसह बुडाली, अशी खबर त्यांनी तेथे दिली आणि ती तारेने लंडनपर्यंत गेली. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका आगबोटीने ‘जेद्दा’ ओढत ओढत एडनच्या बंदरात आणली. यात्रेकरू रात्रंदिवस पाणी उपसत राहिले होते, आणि बोट तरंगत होती. चौकशी झाली. कप्तानाचे प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी तहकूब झाले. एवढ्या मोठ्या अपराधाला एवढीच शिक्षा, म्हणून तेव्हाही लोक हळहळले. जोसेफ कॉनरॅडने पुढे १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लॉर्ड जिम’ या कादंबरीचे बीज याच घटनेत आहे. कादंबरीकाराचे लक्ष पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनाकडे लागले. इतिहासकाराने मात्र मागे राहिलेल्या त्या शेकडो माणसांकडे पाहिले पाहिजे. तिकीट घेताना त्यांना जे वचन मिळाले होते, त्याची किंमत त्या रात्री किती उरली होती?

हिंदुस्थान सरकार या गाऱ्हाण्यांबद्दल अगदीच बेफिकीर होते असे म्हणता येत नाही. पण त्याची अडचण दुहेरी होती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिलेले होते. हजच्या वाहतुकीवर निर्बंध घालावेत, तर यात्रेलाच आडकाठी केल्याचा बोभाटा होईल. न घालावेत, तर माणसे फसतील, आजारी पडतील आणि परदेशात अन्नान्न करतील. म्हणून सरकारने प्रथम बोटींना हात घातला. देशी उतारूंच्या जहाजांसंबंधी १८५८ मध्ये कायदा झाला होता. तो १८७०, १८७६ आणि १८८७ मध्ये नव्याने करण्यात आला, आणि १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांसाठी वेगळा कायदा झाला. दर उतारूमागे किती जागा असावी, पाणी किती असावे, वैद्य केव्हा असावा, निघण्याची वेळ आधी जाहीर करावी, अशा गोष्टी या कायद्यांतून हळूहळू बांधल्या गेल्या.

दुसरीकडे सरकारने आपला एक माणूस यात्रेच्या दुसऱ्या टोकाला पाठवला. डॉक्टर अब्दुल रझाक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यातील गृहस्थ १८७८ मध्ये यात्रेकरूंबरोबर हेजाझला गेले, आणि १८८२ पासून जेद्दा येथे ब्रिटिश उपवकील म्हणून राहिले. पैसे संपल्यामुळे घरी परतता न येणारे हिंदी यात्रेकरू, धक्क्यावर उपाशी पडलेली माणसे, मुंबईत एक आणि जेद्दात दुसरेच सांगणारे दलाल, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि आपल्या अहवालांतून सरकारला कळवले. मुंबईत जी तक्रार नोंदवली जात नव्हती, ती नोंदवणारे कोणी तरी जेद्दात प्रथमच उभे राहिले. १८९५ मध्ये जेद्दाच्या वेशीबाहेर बेदुइनांच्या हल्ल्यात या कर्तव्यनिष्ठ माणसाचा अंत झाला.

मुंबईतील दलालांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८७ मध्ये मुंबई इलाख्यात यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. परवान्यावाचून यात्रेकरूंना तिकिटे विकण्याचा धंदा करता येऊ नये, हे त्याचे मुख्य सूत्र. यात्रेकरूंचा संरक्षक म्हणून स्वतंत्र अधिकारी मुंबईत काम करू लागला. परवाना आला म्हणजे नाव-गाव आले, आणि नाव-गाव आले म्हणजे निदान कोणाला जाब विचारायचा हे ठरले. तरीही मूळ दुखणे कायम राहिले. जाब विचारणारा प्रवासी तोवर समुद्रात असे.

याच सुमारास सरकारला एक निराळी युक्ती सुचली. दलालांच्या टोळीऐवजी एकच भरवशाचा दलाल नेमला तर? असा भरवशाचा माणूस तेव्हा जगात एकच मानला जाई. १८४१ च्या जुलैत लेस्टर ते लफबरो अशी मद्यपाननिषेधवाद्यांची एक शिलिंगाची सहल नेणाऱ्या टॉमस कुक याने पुढे युरोप, ईजिप्त, पॅलेस्टाईन येथील प्रवासाचा मोठा व्यापार उभारला होता. त्याचा पुत्र जॉन मेसन कुक १८८०-८१ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला, आणि मुंबईत कंपनीची कचेरी निघाली. १८८४ मध्ये सुदानकडे निघालेल्या ब्रिटिश फौजेला नाईल नदीतून नेण्याचे कामही याच कंपनीने केले होते. फौज नेली, तर यात्रेकरू का नेता येणार नाहीत? लॉर्ड डफरिन यांच्या कारकिर्दीत, १८८६ मध्ये, हिंदुस्थान सरकारने हजच्या यात्रेकरूंच्या वाहतुकीसाठी टॉमस कुक कंपनीला आपले एजंट नेमले.

कल्पना नेटकी होती. यात्रेकरूने आपल्या गावाजवळच्या स्थानकावरच तिकीट घ्यावे. त्याच तिकिटावर त्याने रेल्वेने मुंबईला यावे आणि तेथून बोटीने जेद्दाला जावे. भाडे आधी छापलेले असावे. बोटीचा दिवस आधी ठरलेला असावा. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर दलालाची गाठ पडण्याचे कारणच उरू नये. आजच्या भाषेत सांगायचे तर दारापासून दारापर्यंतचे आरक्षण १८८७ च्या हंगामात या देशातील गरीब यात्रेकरूंसाठी सुरू झाले.

तरीही ते टिकले नाही. कंपनीजवळ या मार्गावर स्वतःच्या बोटी नव्हत्या. त्या भाड्याने घ्याव्या लागत. बोटींचे जुने मालक आणि जुने दलाल भाडी पाडून गिऱ्हाईक ओढीत. सरकार कंपनीच्या पाठीशी होते, पण यात्रेकरूने कुकचेच तिकीट घ्यावे अशी सक्ती करायला ते तयार नव्हते, आणि जाहीरनाम्याचे वचन लक्षात घेता ते होणारही नव्हते. दूरच्या खेड्यातल्या माणसाला छापील दरपत्रकापेक्षा आपल्या बोलीत बोलणारा दलाल अधिक जवळचा वाटे. खर्चाचा मेळ बसेना, आणि १८९३ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. सरकारी मेहेरबानी, नावाजलेली पेढी आणि छापील वेळापत्रक ही तिन्ही एकत्र येऊनही दलालाचा धंदा बुडाला नाही. चांगले नाव असलेला माणूस नेमणे हा इलाज अपुरा पडला.

त्यानंतर प्रश्नाचे खरे मर्म हळूहळू पुढे येत गेले. यात्रेकरूंच्या हालअपेष्टांपैकी सर्वांत कठीण अवस्था जेद्दाच्या धक्क्यावर असे. जाण्याचे तिकीट त्याने मुंबईत काढलेले असे. परतीचे भाडे कमरेच्या कशात राहील असा त्याचा हिशेब असे. पण मुंबईतील रेंगाळलेले दिवस, कमरान बेटावर १८८२ पासून सुरू झालेला सक्तीचा विलगवास, वाळवंटातील उंटांचे भाडे आणि अनपेक्षित हशील यांत तो कसा रिकामा होई. मग तो परतणार कसा? अशा निर्धन यात्रेकरूंना परत आणण्यासाठी कधी दानशूर धनिकांची, कधी सरकारी तिजोरीची मदत घ्यावी लागे. जाण्याचे तिकीट विकणाऱ्याला मात्र याचा हिशेब कोणीच मागत नसे. माणूस नेण्याचा नफा एकाचा, आणि त्याला परत आणण्याचा खर्च दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती.

परतीचे तिकीट सक्तीचे करावे ही सूचना जुनीच होती. तिला विरोधही प्रामाणिक होता. पवित्र भूमीतच देह ठेवावा अशी इच्छा धरून जाणारे वृद्ध असत. कोणाला येताना बसऱ्याच्या वाटेने करबलेला जायचे असे. परतीचे तिकीट एकाच कंपनीचे असले तर तिच्या बोटीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे जेद्दात बसावे लागेल, ही भीतीही खोटी नव्हती. सक्तीमुळे गरिबाची यात्राच बंद होईल, असे म्हणणारे होते. आणि ज्याला परतता येत नाही त्याला पाठवणे ही दया नव्हे, असे म्हणणारेही त्याच समाजात होते. अखेर १९२५ मध्ये हिंदी व्यापारी नौकानयनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परतीचे तिकीट तरी काढावे किंवा परतीच्या भाड्याइतकी रक्कम आधी ठेव म्हणून भरावी, असा दंडक पडला. ज्याला परत यायचे नाही त्याच्यासाठीही वाट राहिली, आणि ज्याला यायचे आहे त्याचे पैसे दलालाच्या किंवा स्वतःच्या कशात न राहता सुरक्षित राहिले. दलालाचा स्वभाव बदलण्याची वाट न पाहता पैशाची जागा बदलण्यात आली. या सबंध इतिहासातील मोठे शहाणपण हेच म्हटले पाहिजे.

पुढची पायरी प्रतिनिधित्वाची होती. १९३२ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांत हज समित्या आल्या, आणि यात्रेकरूंच्या समाजातील माणसे त्यांच्या सोयींवर देखरेख करू लागली. १९३७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने या मार्गावर आपली बोट आणली, तेव्हा जुन्या मोगल लाइनशी तिची भाड्यांची चढाओढ जुंपली आणि दर अतोनात उतरले. काही हंगाम यात्रेकरूंची चंगळ झाली. पण स्पर्धेने मिळालेले स्वस्त भाडे स्पर्धेबरोबर जाते, हाही धडा त्यात होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये आणि पुढे २००२ मध्ये हज समितीचे नवे कायदे झाले. १९९५ नंतर मुंबईहून समुद्रमार्गे जाणारी यात्राही थांबली आणि सारे यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. गेली ती बोट. राहिला तो आगाऊ पैसे भरून शब्दावर विसंबणारा प्रवासी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा प्रवासी सुखवस्तू देशांतही लाखांनी निर्माण झाला. त्याला यात्रेऐवजी सुट्टी हवी होती, आणि दलालाच्या जागी रंगीत पुस्तिका आली होती. लंडनमधील एका प्रवासी कंपनीने स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी गावात पंधरा दिवसांच्या नाताळच्या सुट्टीची जाहिरात केली होती. घरगुती मेजवानीचा थाट, इंग्रजी बोलणारा यजमान, बर्फावरचे खेळ, संध्याकाळी गाणे. पैसे भरून गेलेल्या एका वकिलाला पहिल्या आठवड्यात तेराच पाहुणे दिसले, आणि दुसऱ्या आठवड्यात तर तो एकटाच उरला. यजमानाला इंग्रजी येत नव्हते. गाणारा माणूस कामाच्या कपड्यांतच येऊन चार-पाच गाणी घाईघाईने म्हणून निघून गेला. खालच्या न्यायालयाने त्याने भरलेल्या त्रेसष्ट पौंडांच्या निम्मीच भरपाई दिली. १९७२ मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाढवून एकशेपंचवीस पौंड केली. जे सुख देण्याचा करार झाला, ते न मिळाल्याचा विरसही भरून द्यावा लागेल, असे त्या निकालाचे तत्त्व होते. या प्रवाशाची गोष्ट मुंबईच्या यात्रेकरूच्या मानाने हलकीफुलकी वाटेल. परंतु त्याला एक सोय होती, जी त्या यात्रेकरूला नव्हती. तो घरी परतला होता, आणि घरी बसून फिर्याद करू शकत होता.

परत येणेच अवघड झाले तर काय, हा जुना प्रश्न तेथेही लवकरच आला. १९७४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील एक मोठी प्रवासी कंपनी बुडाली आणि हजारो प्रवासी परदेशांत अडकले. दुसऱ्याच वर्षी तेथे प्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा झाला. १९९० मध्ये युरोपीय समुदायाने सर्व सभासद देशांना असा नियम घालून दिला की, एकत्रित सहल विकणाऱ्याने आपण बुडालो तर प्रवाशाचे पैसे परत करण्याची आणि त्याला घरी आणण्याची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे. मुंबईने १९२५ मध्ये जे केले, त्याचेच हे मोठे रूप. आणि या तरतुदीची सर्वांत मोठी कसोटी लागली ती २०१९ च्या सप्टेंबरात. १८४१ मध्ये एका शिलिंगाच्या सहलीने सुरू झालेली टॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी त्या महिन्यात बंद पडली. भारतातील त्याच नावाची कंपनी तोपर्यंत वेगळ्या मालकीची झालेली असल्यामुळे तिला या पडझडीची झळ पोचली नाही. पण सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी त्या दिवशी परदेशांत होते. त्यांना घरी आणले ते कंपनीच्या नावलौकिकाने नव्हे. आधीच बाजूला काढून ठेवलेल्या निधीने आणि सरकारी विमानव्यवस्थेने. १८८६ मध्ये ज्या नावाकडे हिंदुस्थान सरकारने इलाज म्हणून पाहिले होते, त्याच नावाच्या प्रवाशांना सव्वाशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या इलाजाची गरज लागली.

भारतात प्रवाशाच्या तक्रारीला सर्वसाधारण आधार मिळाला तो १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. त्याने जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत तक्रार ऐकणारी मंडळे दिली. मात्र विरुद्ध पक्ष जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथे जाऊन दाद मागावी लागे. नागपूरच्या माणसाची फसवणूक दिल्लीच्या कंपनीने केली, तर पुन्हा प्रवास आलाच. २०१९ च्या नव्या कायद्याने ही गाठ सोडवली. तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला तक्रार दाखल करता येते. शब्द देणाऱ्याच्या मागे धावत जाण्याची पाळी आता प्रवाशावर येत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानप्रवासाच्या भाड्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पैसे परत देण्याचे नियम तेथे ठरले. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संगणकाच्या पडद्यावरून होणाऱ्या विक्रीतील तेरा फसव्या रीतींची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात खोटी निकड निर्माण करणे ही एक रीत आहे, आणि किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे ही दुसरी. जागा दोनच उरल्या, भाव घटकाभरात चढणार, असे आज पडद्यावर उमटणारे शब्द ज्यांनी वाचले आहेत, त्यांना मुंबईच्या स्थानकावर गाठोड्याला हात लावणारा तो जुना दलाल ओळखू येईल. त्याचे कपडे बदलले, बोली बदलली; गिऱ्हाइकाच्या घाईवर जगण्याची त्याची विद्या बदललेली नाही.

दीडशे वर्षांचा हा इतिहास पाहिला म्हणजे इलाजांचीही एक परंपरा दिसू लागते. बोटीची मोजमापे ठरवली, दलालाला परवाना लावला, नामांकित पेढी नेमली. या सर्वांचा थोडाथोडा उपयोग झाला. पण प्रवाशाच्या पदरी खरे बळ आले ते दोन गोष्टींनी. त्याचे परतीचे पैसे विकणाऱ्याच्या हाताबाहेर सुरक्षित ठेवण्यात आले, आणि त्याची तक्रार त्याच्या घराजवळ ऐकण्याची सोय झाली. या दोन्हींची गरज प्रथम ज्यांनी आपल्या हालांतून दाखवून दिली, त्या यात्रेकरूंची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांतील काहीजण जेद्दाच्या धक्क्यावर घराकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत राहिले. तिकीट हातात घेताना प्रवाशाने जाण्याच्या दिवसाबरोबर येण्याच्या दिवसाचीही चौकशी करावी, एवढी त्यांची आठवण पुरेशी आहे.